पाण्याच्या नळीतला टीबी

आमच्या लॅबमध्ये सगळ्यात जास्त मान पाण्याला आहे. पिण्याच्या पाण्याला नव्हे. ते बाहेर कपाटात बाटल्यांमध्ये पडलेलं असतं आणि त्याला कोणी विचारत नाही. मी म्हणतेय ते चाचणीतलं पाणी. रुग्णांचे नमुने बारक्या नळ्यांमधून मशीनवर चढतात, त्यांच्या रांगेत शेवटची एक नळी नुसत्या पाण्याची असते. रसायनं बाकीच्यांसारखीच, फक्त तिच्यात कोणाची थुंकी नाही, रक्त नाही, काही नाही. तिथे काही सापडता कामा नये. सापडलं, तर त्या दिवशीच्या कोणाच्याच रिपोर्टवर भरवसा ठेवायचा नाही.

मी अमेरिकेतल्या मॉरिसव्हिलला राहते आणि तिथून जवळच्या एका लॅबमध्ये चौदा वर्षं हेच काम करतेय. काम सांगायला सोपं आहे. एखाद्याच्या थुंकीत टीबीचे चारदोनच जंतू असले, तर ते सूक्ष्मदर्शकालाही सापडत नाहीत. म्हणून आम्ही जंतूच्या डीएनएचा एक नेमका तुकडा धरतो आणि त्याच्या नकला काढतो. नळी तापवायची, गार करायची, परत तापवायची. दर फेरीला एकाचे दोन, दोनाचे चार. चाळीस फेऱ्यांत त्या तुकड्याचे इतके होतात की पडद्यावरची रेघ वर उचलते आणि आपल्याला कळतं, आहे. मुळात तुकडाच नसला तर रेघ आडवीच्या आडवी. विरजणासारखंच आहे हे. बोटाला लागलेलं दही पातेलंभर दुधाला पुरतं. आणि म्हणूनच भीती असते, की कालच्या दह्याचा चमचा आजच्या चहाच्या दुधात जाऊ नये.

त्यासाठी आमच्याकडे दोन खोल्या आहेत. एकीत नमुने आणि रसायनं भरायची. दुसरीत, कॉरिडॉरच्या पार टोकाला, नकला तयार होतात. तिथे आम्ही पॉझिटिव्ह नळ्या उघडतोसुद्धा, कारण टीबी असेल तर त्याला कोणतं औषध लागू पडेल ते त्या नकलांवरूनच तपासतात. उघडलेल्या नळीतून डोळ्याला न दिसणारं काहीतरी उडतं आणि बसेल तिथे बसतं. त्यामुळे पहिलीतून दुसरीत जायचं, दुसरीतून पहिलीत त्या दिवशी परत फिरायचं नाही. झगा वेगळा, हातमोजे वेगळे, पेनसुद्धा वेगळं. आईच्या सोवळ्या-ओवळ्याला वैतागून मी अमेरिकेला आले, सुटले म्हणून हात जोडले, आणि कप्पाळ माझं, नोकरी लागली ती ही असली! आईचं सोवळं मोडलं तर फार तर बोलणी बसायची. इथलं मोडलं तर काय होतं ते मला माहीत होतं, निदान मी तसं समजत होते. नवीन माणसं आली की हे नियम मीच शिकवते. एका मुलीने दुसऱ्या खोलीतलं पेन चुकून पहिलीत आणलं, तर मी तिला रडेपर्यंत बोलले होते.

आता काकांचं सांगते.

आमच्या शेजारच्या टाउनहाउसमध्ये नागपूरचं एक तरुण जोडपं राहतं. दोघंही आयटीत. तिला दिवस गेले, म्हणून बाळंतपणाला तिचे आई-वडील यायचे होते. व्हिसा उशिरा मिळाला, त्यामुळे डोहाळजेवण सातव्याऐवजी नववा लागल्यावर झालं. तिचे वडील म्हणजे काका, वीज मंडळातून रिटायर झालेले, उंच, बडबडे. आल्याच्या चौथ्या दिवशी त्यांनी आमच्या गराजचा बिघडलेला दिवा दुरुस्त करून दिला आणि वर मलाच झापलं, "नुसते बल्ब काय बदलत बसता बाप्पा! फॉल्ट शोधावा लागतो." नातवंडाला मांडीवर घ्यायचं, एवढ्याच एका कामासाठी आलोय, असं ते भेटेल त्याला सांगायचे.

डोहाळजेवणाला काकूंनी सगळ्या बायकांना हिरव्या काचेच्या बांगड्या भरल्या. माझ्या दोन्ही हातांत तीन-तीन. "बारसं होईस्तोवर काढू नकोस गं," म्हणाल्या. "माझ्या लेकीला इथे तूच मोठी बहीण." इतक्या लांब कोणी असं म्हटलं की विरघळायला होतं. मी हो म्हणाले.

आता लॅबचा नियम असा की मनगटावर काही नको. घड्याळ नको, धागा नको. हा नियम भिंतीवर ज्या कागदावर आहे, तो कागद मीच टाइप केलाय. सोमवारी सकाळी गाडीत बसल्या बसल्या मी बांगड्या कोपराकडे सरकवल्या, वाजू नयेत म्हणून वरून औषधाच्या दुकानातली कागदी चिकटपट्टी गुंडाळली आणि बाही खाली ओढली. बाहीवर झगा, झग्यावर हातमोजे. म्हटलं, कोणाला दिसणार आहे? चौदा वर्षांत एक चूक नाही माझी. हा माज होता, दुसरं काही नाही.

त्याच सुमारास काकांचा खोकला वाढला. एप्रिल महिना होता. एप्रिलमध्ये इथे पाइनच्या झाडांचं पिवळं पोलन, म्हणजे परागकण, पडतं. गाड्या, डेक, पायऱ्या, सगळं हळद सांडल्यासारखं होतं. जो तो शिंकत असतो. आम्ही सगळ्यांनी ठरवून टाकलं की काकांना पोलनचा त्रास होतोय. मग काकूंनी त्यांच्या पँटच्या पट्ट्याला नवीन भोक पाडताना लेकीने पाहिलं आणि त्यांना डॉक्टरकडे नेलं. एक्स-रेमध्ये डाव्या फुप्फुसात वरच्या बाजूला डाग दिसला. काकांनी तीस वर्षं सिगरेट ओढली होती. डॉक्टर म्हणाले, भारतातून आलेत तर आधी टीबीची तपासणी करू. टीबी निघाला तर औषध आहे. नाही निघाला, तर सुई घालून त्या डागाचा तुकडा काढायचा आणि कॅन्सर तर नाही ना ते बघायचं.

"ताई, तुमच्याच लॅबला जाईल का सॅम्पल?" लेकीने विचारलं.

"बहुतेक. पण आम्हाला नावं दिसत नाहीत, नुसते नंबर असतात. आणि मी शोधून बघितलं तर माझी नोकरी जाईल," मी तोऱ्यात म्हणाले.

त्या आठवड्यात लॅबमध्ये माझ्या जोडीला काम करणारी मुलगी रजेवर होती. टीबीच्या तपासणीच्या दिवशी सकाळी मी दुसऱ्या खोलीत जुन्या पॉझिटिव्ह नळ्या उघडून औषधाची चाचणी लावली. तिथून घरी जायचं, किंवा ऑफिसात कागद बघत बसायचं. पण पहिल्या खोलीत त्या दिवशीचे नमुने भरायला कोणीच नव्हतं. मी झगा बदलला. हातमोजे दोनदा बदलले. हात कोपरापर्यंत साबणाने धुतले, चिकटपट्टी ओली झाली म्हणून नवी लावली. आणि कॉरिडॉरमधून उलट दिशेने चालत पहिल्या खोलीत गेले.

दुपारी पडद्यावर सगळ्या रेघा आडव्या होत्या, दोन सोडून. एक आमच्या मुद्दाम ठेवलेल्या पॉझिटिव्ह नळीची. ती उठायलाच हवी. दुसरी एका नमुन्याची, सदतिसाव्या फेरीला, जेमतेम. पाण्याची नळी मात्र अगदी आडवी. पाणी स्वच्छ म्हणजे रिपोर्ट खरा, असा आमचा हिशेब. लॅबच्या प्रमुख, आमच्या साहेबीणबाईंनी सही केली आणि रिपोर्ट गेला.

दुसऱ्या दिवशी शेजारून फोन. काकांना टीबी.

मला काय वाटलं सांगू? अभिमान वाटला. एवढासा तुकडा, पण आपण पकडला. मी संध्याकाळी शिरा घेऊन गेले आणि मास्क लावून सगळ्यांना धीर दिला. काकू पदराने डोळे पुसत होत्या, कारण टीबी म्हटलं की आपल्याकडे अजून माणसाचा आवाज खाली जातो. काका मात्र दुसऱ्याच विचारात होते.

"पोरी, माझ्या खात्यात टीबीवाले पाहिलेत मी. मला संध्याकाळचा ताप नाही, घाम नाही. हा पाठीत कळ मारतो तो प्रकार वेगळा आहे. मला वाटतं फॉल्ट दुसरीकडे आहे. ती सुई घालून घेऊ का एकदाची?"

"काका, उगाच काय छातीत सुया खुपसून घेता?" मी त्यांना दटावलंच. "मशीनला काय तुमच्याशी वैर आहे खोटं बोलायला? सहा महिने गोळ्या खा, मोकळे व्हा. ह्यातलं मला कळतं की तुम्हाला?"

"तुला कळतं बाप्पा," ते म्हणाले. डॉक्टरांना त्यांनी सुईचं पुन्हा विचारलंच नाही. का, तर शेजारची पोरगी ह्याच खात्यातली आहे.

काकांना वरच्या मजल्यावरच्या एका खोलीत ठेवलं. आरोग्य खात्याची नर्स रोज येऊन समोर उभी राहून गोळ्या गिळायला लावायची. बाळाच्या जवळ जायचं नाही, अशी सक्त ताकीद. सोळाव्या दिवशी लेक बाळंत झाली, मुलगी झाली. काकांनी नात पाहिली ती व्हिडिओ कॉलवर, त्याच घरात, एका जिन्याच्या अंतरावरून. गोळ्यांनी खोकला कमी व्हायला हवा होता, तो वाढत होता. "औषधाला वेळ लागतो," मीच सांगायचे.

आणि मग बारशाच्या आधीच्या गुरुवारी पाण्याची रेघ उचलली.

सदतिसाव्या फेरीपर्यंत आडवी होती. मी कॉफी घ्यायला उठणार, तेवढ्यात ती वाकली. मला आधी वाटलं डोळे दमलेत. आम्ही सगळी तपासणी रद्द केली, नव्या बाटलीतलं पाणी घेतलं, परत चालवली. परत उचलली. पाण्याला टीबी झाला होता. तेव्हा काका मनातसुद्धा नव्हते. लॅब दूषित झाली, एवढंच कळत होतं.

शुक्रवारी मी पहिली खोली पुसायला घेतली. ओला बोळा एकेका जागेवर फिरवायचा, नळीत टाकायचा आणि तपासायचं की नकला कुठे सांडल्यात. दाराची मूठ, खुर्ची, पंखा, फोन, ड्रॉवर. तेवीस जागा झाल्या. चोविसावी नळी उरली होती. मी बाही वर केली, चिकटपट्टी सोलली आणि बोळा बांगड्यांवरून फिरवला. यादीत लिहिलं, "२४, इतर."

तेवीस रेघा आडव्या राहिल्या. चोविसावी अठ्ठाविसाव्या फेरीलाच उठली आणि सरळ वर गेली. रेघ जितकी लवकर उठते, तितके तुकडे जास्त.

तेव्हा मला आठवलं. सदतीस. कॉरिडॉरमधून उलट दिशेने चाललेली मी. कुठल्या आठवड्यात, कुठल्या वारी. आणि दुसऱ्या दिवशी शेजारून आलेला फोन. दुसऱ्या खोलीत जे उडालं, ते बांगड्यांवर बसून माझ्याबरोबर पहिलीत आलं होतं. त्या दिवशी पाण्याची नळी वाचली होती, बस. काकांच्या नळीत पडलं आणि पाण्यात पडलं नाही. मी बाथरूममध्ये जाऊन सहाही बांगड्या काढल्या, पिशवीत बांधल्या आणि जंतुबाधित कचऱ्याच्या डब्यात टाकल्या. "इतर म्हणजे काय?" कोणी विचारलं असतं तर मी त्याच क्षणी सांगितलं असतं. कोणी विचारलं नाही.

त्याच दिवशी सांगायला हवं होतं. मी नाही सांगितलं. आमचं ग्रीन कार्ड अजून रांगेत, घर माझ्या व्हिसावर. नोकरी गेली की साठ दिवसांत दुसरी शोधा, नाहीतर निघा. मुलगा अकरावीत. मी स्वतःला समजावत राहिले की काकांना कदाचित खरंच टीबी असेल, चूक झाली म्हणजे रिपोर्ट खोटाच असं थोडंच आहे? मन इतकं हुशार असतं की लाज वाटते.

शनिवारी बारसं. घरात पंचवीस माणसं, पाळण्याला शेवंतीच्या माळा. काकांना मागच्या डेकवर खुर्ची टाकून बसवलं होतं, मधे सरकत्या काचेचं दार बंद. खुर्चीखाली पिवळं पोलन साचलेलं. आत बायका "कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या" म्हणत होत्या आणि बाहेर ते टाळ्या वाजवत होते. आवाज येत नव्हता, हात दिसत होते. मनगटं किती बारीक झाली होती! मधेच ते वाकले आणि खोकले, बराच वेळ. रुमाल तोंडावरून काढल्यावर त्यांनी त्यात पाहिलं आणि घाईने घडी करून खिशात घातला. ते फक्त मी पाहिलं.

"बांगड्या कुठे गं?" काकूंनी माझा हात धरला.

"वाढवल्या काकू. दारावर हात आपटला."

"असू दे. बारसं झालंच आता." त्यांनी माझ्या गालाला हळद लावली. मला तिथेच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सोमवारी सकाळी आठ वाजता मी साहेबीणबाईंच्या खोलीत जाऊन दार लावलं आणि सगळं सांगितलं. बांगड्या, चिकटपट्टी, कॉरिडॉर, चोविसावी नळी. त्यांनी आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त विचारलं, "कधीपासून?" त्या काळातले सगळे पॉझिटिव्ह नमुने फ्रीझरमधून काढून दुसऱ्या माणसाने, दुसऱ्या मशीनवर पुन्हा लावले. मला खोलीत पाय ठेवायची बंदी. बाकीचे पॉझिटिव्हच राहिले. सदतीसवाल्याची रेघ आडवी आली. तीनदा लावला, तीनदा आडवी. मंगळवारी सुधारलेला रिपोर्ट डॉक्टरांकडे गेला आणि मला घरी पाठवलं, पुढे काय ते नंतर कळवू म्हणून.

चारच्या सुमाराला मी शेजारी गेले. मनाशी वाक्यं जुळवत होते. दार उघडलं तर काकूंनी माझ्या तोंडात साखरच कोंबली. "टीबी नाही गं! आत्ता डॉक्टरचा फोन आला. चुकीचा होता मेला रिपोर्ट!"

काका खाली सोफ्यावर बसले होते, मास्क नाही, काही नाही. मांडीवर नात. पहिल्यांदाच. तिची एवढीशी मूठ त्यांच्या बोटाभोवती होती आणि ते हलायलासुद्धा तयार नव्हते. लेक एका हाताने डोळे पुसत दुसऱ्या हाताने फोटो काढत होती. "ताई, कसलं रिलीफ आहे यार! इतके दिवस बिचारे बाबा कोंडून बसले."

"मी म्हणत होतो की नाही?" काका मला म्हणाले. "तू ऐकत नव्हतीस."

"काका, ती चूक माझी होती," मी म्हणाले. "मशीनची नाही. माझ्या हातून तुमच्या नळीत टीबी गेला."

मी सगळं सांगितलं, उभ्या उभ्या. काकूंच्या हातातली साखरेची वाटी खाली आली. लेकीला काही कळेना. "पण ताई, टीबी नाहीये, ही गुड न्यूजच आहे ना? डॉक्टर उद्या बोलावतायत, कुठलंसं स्कॅन करू म्हणाले, पण..." तिने वडिलांच्या छातीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी मान खाली घातली.

काकांनी पाहिलं नाही कोणाकडे. त्यांना आधीच कळलं होतं, बहुधा माझ्याआधीच. त्यांनी नातीचं टोपडं सारखं केलं.

"रिपोर्ट येऊन किती दिवस झाले गं, पोरी?"

"एकतीस."

"आणि ही पंधरा दिवसांची." त्यांनी तिच्याकडे बघत मनाशी हिशेब केला. "म्हणजे हिच्या वयाच्या दुप्पट दिवस घालवले आपण." ते आणखी काही बोलणार होते, पण उबळ आली, तसं त्यांनी घाईघाईने बाळ उचललं आणि जी सगळ्यात जवळ उभी होती तिच्या, म्हणजे माझ्या, हातात दिलं.